जुनं सभागृह पुन्हा उघडतंय, नियमावलीत काय लिहू?

गावभागचा_रहिवासी

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथे नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

सांगलीच्या गावभागात संस्थानी काळातलं एक सभागृह आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चर्चा विश्वस्त कोण आणि कुणाचा मेहुणा कोण यावर जाते आणि मूळ मुद्दा कृष्णार्पण. साठ फूट बाय चाळीस, तीन बाजूंनी बिडाच्या खांबांवर गॅलरी, वर सागवानी कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे) आणि मंगळुरी कौलं. सकाळी वर्तमानपत्रं वाचायला लोक, संध्याकाळी व्याख्यान नाहीतर कीर्तन, रात्री नाटकाच्या तालमी, निवडणुकीत मतदान केंद्र. आमच्या तीन पिढ्यांनी तिथे काही ना काही ऐकलेलं आहे, निदान डुलकी तरी काढलेली आहे.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. बाहेरच्यांसाठी सांगतो, इथे इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. सभागृहात छातीभर पाणी बरेच दिवस उभं होतं. त्यानंतर कुलूप. २०२१ ला पाणी पुन्हा येऊन गेलं. मग देणग्या, थोडा निधी, खूप बैठका, आणि आता काम पूर्ण झालंय. येत्या ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, दार उघडायचं ठरलंय. मी बँकेतून निवृत्त झालो हे कुणाच्या तरी लक्षात होतं, म्हणून वापराच्या नियमावलीचा खर्डा माझ्या गळ्यात पडला.

समितीत तीन तट आहेत. एक म्हणतो लग्नं-मुंजी घ्या, पैसा येईल. दुसरा म्हणतो फक्त 'सांस्कृतिक', आणि सांस्कृतिक म्हणजे काय ते तेच ठरवणार. तिसरा म्हणतो कुणाला तरी चालवायला देऊन टाका, डोक्याला ताप नको. मला विचारायचं आहे ते जेवण, भाडं आणि खिळे या तीन गोष्टींबद्दल. तुमच्या गावात अशी जुनी वास्तू दुरुस्त झाली असेल तर पुढे तिचं काय झालं, तेही लिहा.

साडेसाती

पहिला नियम: वक्ता "मी तुमचा फार वेळ घेणार नाही" म्हणाला की माईक आपोआप बंद व्हावा.

भडंग_विथ_दाणे

ओळखलं ओ! ते तर आमचंच की. शाळा बुडवून गॅलरीत बसायचो आणि खाली कोण टकल्या आला की एकेक दाणा सोडायचो. जेवणाचं म्हणाल तर भडंगाला तेवढी परवानगी असू द्या. बाकी तुमचं चालू द्या.

रोखठोक

कुणाला राग येईल, येऊ दे. पूररेषेत असलेल्या इमारतीवर पैसा ओतायचा कशाला? पाडा, किंवा आहे तसं ठेवून बाहेर पाटी लावा. त्याच पैशात विश्रामबागकडे पार्किंगसह वातानुकूलित हॉल झाला असता. गावभागात गाडी कुठे लावणार? आठवणींना भाडं लागत नाही, इमारतीला लागतं.

घाणीवाला

रोखठोक, पूररेषेत आहे म्हणून पाडा असं म्हणायचं तर अर्धा गावभाग पाडावा लागेल. आणि पुरात काय टिकतं हे एकदा हात लावून बघा. मी चुन्याची कामं करतो. धागाकर्त्याचं हे काम माझं नाही, पण कृष्णाकाठी अशा बऱ्याच भिंती उघडून पाहिल्यात.

जुनी भिंत म्हणजे काळ्या दगडाचं जोतं, वर भाजक्या विटा, आत-बाहेर चुन्याचा गिलावा. चुना पाणी पितो आणि परत सोडतो. पूर ओसरला, दोन उन्हाळे गेले की भिंत वाळते. घोटाळा होतो तो मध्येच कुणीतरी 'मजबुतीसाठी' सिमेंट थापलं की. जोत्यातून ओल वर चढते, सिमेंटमधून तिला बाहेर पडता येत नाही, मग ती आणखी वर जाते आणि जिथे वाट मिळेल तिथे क्षार टाकते. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. लोक लोण्यावर पुन्हा सिमेंट मारतात. म्हणजे घाम येतोय म्हणून रेनकोट घालणं.

गावभागचे रहिवासी, तुमच्याकडे खालचं सिमेंट काढलंय का? काढून चुना केला असेल तर नियमावलीत एक ओळ ठळक लिहा: या भिंतींना ऑइल पेंट, डिस्टेंपर, टाइल, यातलं काहीही लावायचं नाही. दर दोन-तीन वर्षांनी चुन्याचा हात, बस. नाहीतर एखादा उत्साही देणगीदार 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' चार फूट उंच चकचकीत फरशी चिकटवून जाईल आणि पाच वर्षांत तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

खिळ्यांचंही तेच. चुन्यात खिळा ठोकला की नुसतं भोक पडत नाही, टवका उडतो. गॅलरीच्या खाली भिंतीभर सागाची एक पट्टी लावून घ्या, तिला पितळी आकडे. ज्याला बॅनर लावायचा त्याने सुतळीने तिथे बांधावा.

गावभागचा_रहिवासी

घाणीवाला, हो. ऐंशीच्या दशकात कुणीतरी चार फुटांपर्यंत सिमेंट केलं होतं, ते सगळं खरवडलं. चुना मळायला गूळ, हिरडा, बेलफळ आणलं तेव्हा समितीतले एक सदस्य विचारत होते की हे प्रसादाचं आहे का. पट्टीची कल्पना फार आवडली, उद्याच सुताराला विचारतो. रंगाची ओळ मला सुचलीच नसती.

मिरजेचा_तंबोरा

आमच्या मिरजेचं सांगतो. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत बालगंधर्व पहिल्यांदा शकुंतला होऊन उभे राहिले ते मिरजेत, हंसप्रभा थिएटरात. आज त्या जागी बालगंधर्व नाट्यगृह आहे. जागा तीच, नाव मोठं, पण जुनी वास्तू नाही. तिथे बसल्यावर कधी कधी वाटतं, तो पहिला सूर कुठल्या भिंतीवरून परत आला असेल, आणि ती भिंत काही दाखवता येत नाही. तुमच्याकडे भिंत आहे. एवढ्यावरच मी तुमच्या बाजूने.

सूचना एकच. आवाजाचं काम करताना 'इको येतो' म्हणून कुणाला पीओपीचं छत मारू देऊ नका. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून इको मोजणारे खूप असतात. तंबोरा लावून भरल्या बैठकीत ऐका, मग बोला.

गणित_कच्चं

तंबोरा यांच्याशी सहमत, आणि आकडेही त्यांच्याच बाजूने आहेत. साधं सूत्र: आवाज विरायला लागणारा वेळ = ०.१६ × घनफळ ÷ एकूण शोषण. साठ बाय चाळीस आणि उंची पंचवीस फूट धरली तर घनफळ १७०० घनमीटरच्या आसपास. समजा रिकाम्या हॉलमध्ये अडीच सेकंद घुमतो, म्हणजे शोषण साधारण ११० चौरस मीटर. बसलेला एक माणूस अंदाजे ०.४५ चौरस मीटर आवाज खातो. तीनशे माणसं बसली की १३५ ची भर, आणि घुमण्याचा वेळ सव्वा सेकंदाच्याही खाली. भाषणाला एक सेकंदाच्या जवळपास बरं, गाण्याला थोडा जास्त चालतो. म्हणजे हॉल भरला की आपोआप बरा वाजतो.

साडेसाती

"बसलेला एक माणूस ०.४५ चौरस मीटर आवाज खातो."

आमच्या सोसायटीच्या सभेत बसलेले फक्त वेफर्स खातात. शोषण शून्य.

सायलीचा_मांडव

हसून झालं असेल तर जरा भाड्याकडे वळू.

सांगलीपासून तासाभरावर माझं माहेर. तिथेही एक जुना हॉल होता. आईचं भजनी मंडळ दर गुरुवारी दुपारी तिथे बसायचं, दोनशे रुपये द्यायचे. बायका चालत यायच्या, पेटी तिथेच कपाटात असायची. मग हॉलचं नूतनीकरण झालं. झुंबर लागलं, खुर्च्या आल्या, फोटो छान आले पेपरात. भाडं साडेचार हजार आणि वर अनामत. मंडळ आधी कुणाच्या तरी गच्चीवर गेलं, मग पावसाळा आला, मग दोघींचे गुडघे गेले, मग बंदच पडलं. हॉल आता महिन्यातले बहुतेक दिवस बंद असतो. मध्ये कधीतरी साड्यांचा सेल लागतो.

वाईट याचं वाटतं की कुणीही त्यांना "येऊ नका" म्हटलं नव्हतं. दरपत्रकाने ते काम परस्पर केलं.

तेव्हा दादा, एकच दर ठेवू नका. रविवार संध्याकाळचा दर आणि मंगळवार दुपारचा दर सारखा कसा असेल? दुपारी हॉल तसाही रिकामाच असतो. त्या वेळी भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक, अभ्यासाला बसणारी मुलं यांच्याकडून झाडलोटीपुरते पैसे घ्या. आणि एक प्रश्न. नूतनीकरणात बायकांचं स्वच्छतागृह झालंय का? आतापर्यंत धाग्यावर बीड, साग, चुना, सेकंद सगळं आलं, हे कुणी विचारलं नाही.

गावभागचा_रहिवासी

सायलीताई, लाजून उत्तर देतो. एक आहे, मागच्या अंगणात, दोन पायऱ्या उतरून. रात्री तिथे दिवा नाही. काल रात्री जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. चार वर्षं कामावर देखरेख केली, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. कठडा आणि दिवा उद्घाटनाआधी होईल. पायऱ्यांना उताराची वाटही करून घेतो.

ऑफ_ड्यूटी_वकील

"कुणाला तरी चालवायला देऊन टाका" म्हणणाऱ्या तटासाठी. सभागृह सार्वजनिक विश्वस्त संस्थेचं असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६ वाचायला द्या. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती घेतल्याशिवाय केलेला करार टिकत नाही. "दहा वर्षांसाठी देऊ, तोच एसी बसवेल" हे चहाच्या टपरीवर बोलायला ठीक.

मतदान केंद्राचंही लिहिलंय म्हणून सांगतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १६० खाली निवडणुकीसाठी जागा ताब्यात घेता येते. तुमचा खिळ्यांचा नियम त्या दिवशी कुणी वाचत बसणार नाही. चार उभे लाकडी फलक करून ठेवा आणि आदल्या दिवशी स्वतः नेऊन मांडा. समोर फलक असेल तर भिंतीला कुणी खळ लावत नाही.

रोखठोक

चला, कायदा आला म्हणजे धागा शंभरी गाठणार.

सायली यांचं पटलं, माझ्या आईचंही असंच मंडळ आहे. पण हिशेब सांगा. झाडलोटीपुरते पैसे घेऊन वीजबिल कोण भरणार? कौलं कोण बदलणार? म्हणून म्हणतो, लग्नं घ्या. वर्षात वीस लग्नं झाली तर भजनं फुकट होतील. एवढा सोवळेपणा परवडत नाही.

घाणीवाला

लग्नाला ना नाही, जेवणाला आहे. कढईची वाफ आणि तेलाचा धूर वर कैच्यांपर्यंत जातो आणि लाकडावर चिकट थर बसतो, त्यावर धूळ. मग ते धुवायला कुणीतरी सोडा आणतो. शिवाय उष्टं-खरकटं म्हटलं की उंदीर, मुंग्या, आणि भिंतीच्या कडेने रोज बादल्यांचं पाणी. पुराने जे काही वर्षांनी एकदा केलं, ते आचारी दर मुहूर्ताला करेल.

अक्षता आत, पंगत बाहेर. मागे अंगण आहे म्हणता ना?

कोल्हापूरचा_पाव्हणा

पंगत बाहेर हे शंभर टक्के. आणि त्याहून मोठी गोष्ट विजेची. आमचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभं राहून माणसं रडत होती, त्यात मीही. ज्या गावात कुस्ती हरल्यावरही कुणी रडत नाही, त्या गावात.

लाकूड, पडदे, खुर्च्या यांना ठिणगी पुरते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते कागदापुरतं घेऊ नका. कार्यक्रम संपल्यावर मेन स्विच कोण पाडतो, त्याची सही रोज वहीत घ्या. आणि मांडववाल्याला स्वतःची वायर आणून जोडू देऊ नका.

पंचगंगा_ते_पवई

पाव्हण्यांना +१. आणि जुनी वास्तू एकदा बंद पडली की किती काळ बंद राहू शकते त्याचं उदाहरण: मुंबईतलं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ ला बंद पडलं ते थेट ऑक्टोबर २०१६ ला पुन्हा उघडलं. तेवीस वर्षं. मधल्या काळात एक अख्खी पिढी 'ऑपेरा हाउस' हे बसस्टॉपचं नाव समजून मोठी झाली. सांगलीचं चार-सहा वर्षांत उघडतंय, नशीब समजा.

दहाच्या_आत_घरात

ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद, हा नियम पण घाला. आम्ही शेजारी राहतो हो. (याच सभागृहाच्या नव्हे, दुसऱ्या एका.)

ऑफ_ड्यूटी_वकील

ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये रात्री दहा ते सहा बंदी आहेच, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत वापराला सूट आहे.

दहाच्या_आत_घरात

बंदिस्त म्हणजे? खिडक्या सताड उघड्या असतात ना! घाणीवाला भिंतीला वारा द्या म्हणणार, तुम्ही बंदिस्त म्हणणार, आणि आम्ही 'ऐन रंगात आलेला' तिसरा अंक गादीवर पडून ऐकणार.

साडेसाती

फुकट नाटक मिळतंय, तरी तक्रार. अशाने रंगभूमी कशी जगायची?

तंजावर_मेल

अवांतर. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं म्हणून ५ नोव्हेंबर रंगभूमी दिन, हे मान्य. पण मराठी नाटक त्याआधीही होतं. तंजावरच्या भोसले राजांनी सतराव्या-अठराव्या शतकात मराठीत नाटकं लिहिली, तिथल्याच शहाजीराजांचं (शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत) 'लक्ष्मीनारायण कल्याण' घ्या. सांगलीकरांनी 'पहिलं' हा शब्द जपून वापरावा.

भडंग_विथ_दाणे

आला! दर नोव्हेंबरला ह्यो गडी येतोच. आवो तंजावरात राजवाड्यापुरतं असंल. आमच्या सांगलीच्या राजानं, चिंतामणराव आप्पासाहेबांनी, कर्नाटकातनं आलेल्या मंडळींचा खेळ बघितला आणि भाव्यांस्नी म्हटलं, आपल्या भाषेत करा. ते बाहेर पडलं आणि गावोगाव गेलं. पैलं म्हंजे काय, ज्याच्यामागनं दुसरं आलं ते.

तंजावर_मेल

"ज्याच्यामागनं दुसरं आलं ते", ही व्याख्या मला आवडली, पण मान्य करणार नाही.

गावभागचा_रहिवासी

दोघांनाही ५ नोव्हेंबरचं निमंत्रण. भांडण गॅलरीत करा, खाली गणपती अथर्वशीर्ष चालू असेल.

आता कृपया मूळ मुद्द्यावर यावं.

अजिंक्यताऱ्याखाली

साताऱ्याहून. आमच्याकडे जुन्या राजवाड्यात शाळा भरायची, प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव, भिवा रामजी आंबेडकर असं, तिथल्या प्रवेश रजिस्टरात नोंदलं गेलं. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. लिहिणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी काय कल्पना असणार?

यावरून एकच सुचवतो. बुकिंग ऑनलाइन करा, खुशाल करा, पण एक जाड वही ठेवा. कोण आलं, काय केलं, किती माणसं होती, एक ओळ. आणि ती वही गॅलरीच्या उंचीवर ठेवा, तळमजल्यावर नको. २०१९ ला सांगलीत ग्रंथालयांची पुस्तकं कशी गेली ते आम्ही पेपरात पाहिलंय.

गावभागचा_रहिवासी

पेपरात पाहिलंय तुम्ही. आम्ही ती रस्त्यावर वाळत घातली होती. फुगून एकमेकांना चिकटलेली, उचलली की लगदा. वही वरच राहील. विजेचे बोर्डही सगळे गॅलरीच्या उंचीवर घेतलेत.

मागची_खोली

चार दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. वर्णनावरून सभागृह ओळखलं. माझे वडील तिथे शिपाई होते, एकतीस वर्षं. रंगमंचामागच्या खोलीत आम्ही राहायचो. मी तिथेच वाढलो.

नियम भिंतीवर नव्हते, वडलांच्या डोक्यात होते. सकाळी सहाला नदीकडच्या खिडक्या उघडायचे, ऊन चढलं की त्या लावून दुसऱ्या बाजूच्या उघडायचे. पावसाळ्यात हे सगळं वेगळं. जमीन झाडायच्या आधी लाकडाचा भुसा ओला करून पसरायचे, म्हणजे धूळ वर उडून कैच्यांवर बसत नाही. मे महिन्यात शाकारणी. कौलांवर स्वतः चढायचे, आई खाली उभी राहून शिव्या द्यायची. फुटलेल्या कौलांच्या जागी टाकायला जुनी कौलं रंगमंचाखाली रचून ठेवलेली असायची, उन्हाळ्यात आम्ही भावंडं ती मोजायचो. कीर्तनकार बुवांना मध्यंतरात चहा किती गोड लागतो तेही त्यांना माहीत. सकाळी पेपर वाचायला येणाऱ्यांत नोकरी सुटलेली माणसं असायची, घरी सांगितलेलं नसायचं. ती साडेपाचपर्यंत बसून राहायची. वडील त्यांना कधी उठवत नसत, त्यांच्या भोवतीने झाडायचे.

ते निवृत्त झाल्यावर एजन्सीचा माणूस आला. त्याची चूक नाही, त्याला सांगितलं होतं की सामान चोरीला जाता कामा नये. त्याने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. दोन वर्षांत आत कुबट वास, वटवाघळं, आणि एका कैचीला वाळवी. पूर नंतर आला. हॉल खराब व्हायला त्याच्या आधीच लागला होता.

घाणीवाल्यांचं चुन्याचं सगळं खरं असेल. पण तो चुना वाळवायला खिडकी कुणीतरी उघडावी लागते, आणि ती उघडणाऱ्याचा पगार तुमच्या नियमावलीत कुठे आहे ते बघा.

घाणीवाला

मागची_खोली, तुमच्या वडलांना नमस्कार सांगा. आम्ही तीन महिने राबून जे करतो ते ते रोज करत होते. वाळवी कुठल्या कैचीला लागली होती, आठवतंय का?

मागची_खोली

रंगमंचाकडून दुसरी. वडील आता नाहीत. नमस्कार पोचला असं समजतो.

गावभागचा_रहिवासी

दुसरीच. तिचा खालचा हात बदलावा लागला.

मागची_खोली, तुमच्या वडलांनी मला एकदा कान धरून गॅलरीतून खाली आणलं होतं. टकलावर दाणे मीही सोडायचो. (भडंग, तू एकटा नव्हतास.)

साडेसाती

यावर विनोद करणार नाही. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

रोखठोक

पाडा म्हटलेलं मागे घेतो. पार्किंगचं मागे घेत नाही.

गावभागचा_रहिवासी

काल समितीची बैठक झाली. खर्डा मांडला, बराचसा या धाग्यावरून उचललेला. काय ठरलं ते सांगतो.

चालवायला देण्याचा विषय कलम ३६ वाचून दाखवल्यावर पाच मिनिटांत संपला. वकीलसाहेब, एक चहा तुमचा. लग्न-मुंज चालेल, आत फक्त विधी, पंगत मागच्या अंगणात, आणि शेगडी अंगणातही भिंतीपासून लांब. खिळा, चिकटपट्टी, खळ बंद, पट्टीला आकडे लागलेत. भिंतींना चुन्याशिवाय काही लावायचं नाही, देणगीदारांची नावं बाहेर एकाच दगडावर. या ओळीवर अर्धा तास वाद झाला, कारण एका देणगीदाराने फरशी आधीच पसंत करून ठेवली होती! मतदानासाठी चार उभे फलक. दहानंतर ध्वनिक्षेपक नाही, कायद्यात सूट असली तरी नाही, कारण आमच्या खिडक्या उघड्याच राहणार आहेत. मेन स्विचची सही आणि जाड वही, दोन्ही वर.

भाड्यावर सगळ्यात जास्त डोकं लावलं. शनिवार-रविवार संध्याकाळ आणि लग्नाचे मुहूर्त यांचा दर चांगला चढा. आठवड्यातल्या दुपारी जवळपास नाममात्र. सकाळचा वाचनकक्ष फुकट, आणि तिथे कुणी कितीही वेळ बसावं. ही शेवटची ओळ मी लिहिली आणि कुणी हरकत घेतली नाही.

एजन्सीचा रखवालदार नको असं ठरलंय. पूर्ण वेळ माणूस, तो मागच्या खोलीत राहील, आणि भाड्यातून येणाऱ्या पैशातून पहिला पगार त्याचा, मग वीजबिल, मग बाकीचं. खजिनदार नाखूश आहेत. रोखठोक, तुमच्या वीस लग्नांची आता मनापासून गरज आहे, ओळखीत कुणाचं असेल तर सांगा.

रोखठोक

पुतण्याचं आहे फेब्रुवारीत. गाडी कुठे लावू ते सांगा आधी.

सायलीचा_मांडव

गुरुवार दुपार रिकामी आहे का? आई विचारतेय. सांगलीला भावाकडे आली आहे, म्हणते पेटी माझी मी आणते.

गावभागचा_रहिवासी

वहीत पहिलं नाव त्यांच्या मंडळाचं लिहितो. पेटी ठेवायला कपाटही देतो.

मागची_खोली

नव्या माणसाला एक सांगा. नदीकडच्या भिंतीतली तिसरी खिडकी, तिचा खालचा अडसर उलटा आहे. डावीकडे ओढला तर लागतो, उजवीकडे ओढला तर निघतो. बाकी सगळ्यांचं उलट. जोर केला तर हात अडकतो.

गावभागचा_रहिवासी

आत्ताच जाऊन बघून आलो. खिडक्या सगळ्या नव्या केल्यात, जुन्या मापाने. तिसरीचा अडसर अजूनही उलटाच आहे. सुताराला विचारलं, म्हणाला, "जुन्यात होता तसा केला, मला काय ठाऊक तुमचं काय कारण असेल."